सातव्या ओळीची भानगड

वहिनी : सहज? चार मजले चढून सहज? लिफ्ट बंद आहे वन्सं, आठ दिवस झाले. पेपरवालासुद्धा खालूनच हाक मारतो.

वन्सं : म्हणजे काय, सख्ख्या भावाच्या घरी यायला मला आता निमित्त लागतं का?

वहिनी : छे छे, निमित्त कशाला? ते तर तुम्ही बरोबरच घेऊन आलात. केवढी फुगलीय ती पिशवी! आधी तिला बसवलंत, मग उरलेल्या जागेत तुम्ही बसलात.

वन्सं : लोकर आहे थोडी. येता येता दुकान लागलं.

वहिनी : लोकरीचं दुकान? तुमच्या वाटेत? ते तर पार उलट्या टोकाला आहे.

वन्सं : तू पोलिसात का नाही गं गेलीस? पाणी दे आधी. धाप लागलीय मला.

वहिनी : पेला भरून ठेवलाय बघा तुमच्या उजव्या हाताला. मी आपली बसल्या जागेवरून हलत नाही हं, राग मानू नका. गुडघा धरलाय.

वन्सं : तुझा गुडघा? कधीपासून?

वहिनी : हे आत्ताच. तुमची बेल वाजली ना, अगदी तेव्हाच कळ आली. ह्यांनी दार उघडलं म्हणून बरं.

वन्सं : बाळ्या कुठे गेला पण दार उघडून?

वहिनी : गॅलरीत. मिक्सर उघडून बसलेत. बंद पडला नव्हता, नुसता आवाज करत होता. आता आवाजही करत नाही. ते असू द्या. भाचीची तयारी कुठवर आली? गुरुवारी विमान ना?

वन्सं : गुरुवारी दुपारी. बॅगा भरून झाल्या, वजन करून झालं, सगळं उपसून परत भरून झालं. नोकरी तरी कुठे लागावी माणसाला! वर्षातले सात महिने खिडकीबाहेर बर्फ म्हणे.

वहिनी : मग स्वेटर हवेत की भरपूर.

वन्सं : विकतचे चार घेतलेत.

वहिनी : आणि तुमच्या हातचा?

वन्सं : चालू आहे.

वहिनी : कुठवर आलाय?

वन्सं : गळ्याशी.

वहिनी : अय्या! स्वेटरच्या की तुमच्या?

वन्सं : फार बोलायला लागलीस तू अलीकडे. ऐक. मी तुला एक कागद दिला होता बघ. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. गोल गळ्याचा क्रोशाचा स्वेटर, वरून खाली करत यायचा. माझ्या अक्षरातला. आहे का अजून तुझ्याकडे?

वहिनी : कागद तुम्ही पुष्कळ दिलेत हो. त्यातला कुठला म्हणायचा? ज्याची टोपी बादलीवर बसली तो? का ज्याच्या मोज्याची टाच पुढच्या बाजूला आली तो?

वन्सं : टोपीत मी काही केलं नव्हतं हं! बारीक लोकर घे म्हणून धडधडीत लिहिलं होतं, तू घेतलीस दोरखंडाएवढी. आणि मोज्याचं म्हणशील तर तू मोजायलाच चुकलीस. त्या दोन्ही कागदांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

वहिनी : बरं. मग कुठल्या कागदाला लावलं होतं?

वन्सं : काय?

वहिनी : नाही, तुम्ही म्हणालात, त्या दोन्हींना नाही लावलं. म्हणून आपलं विचारलं.

वन्सं : बोलायची एक पद्धत असते ती! तू कागद देतेस की नाही?

वहिनी : देते की. पण मला एक सांगा, तुमची वही आहे ना? निळ्या पुठ्ठ्याची? तुमच्या क्लासच्या बायका सांगत होत्या, ताई वहीला कुणाला हात लावू देत नाहीत, पान उलटायचं तरी स्वतःच उलटतात.

वन्सं : पानं जुनी झालीत. फाटतात.

वहिनी : तेच म्हणते मी. त्या वहीवरनंच तुम्ही मला उतरवून दिलंत ना? ओळ न् ओळ?

वन्सं : हो. म्हणजे, वहीवरनंच.

वहिनी : मग झालं तर! जे कागदावर तेच वहीत. वहीत बघा आणि करा. एवढ्यासाठी चार मजले कशाला चढलात?

वन्सं : केला वहीवरनं.

वहिनी : मग?

वन्सं : सपाट आला.

वहिनी : गोल गळ्याचा सपाटच यायचा.

वन्सं : तिला पाकळ्या हव्यात, वहिनी! खांद्यावर पाकळ्या! नऊ वर्षांची असताना तू तिला केला होतास ना पिवळा, गळ्याभोवती फूल उमलल्यासारखा, तसाच हवाय. विकतचे चार घेतले तर म्हणते, हे थंडीला झाले, आता एक घरच्यासारखं वाटायला. मामीचा होता तस्साच कर, पण तू कर. तुझ्या हातचा पाहिजे. म्हणे, तुला काय अवघड, मामीला तूच शिकवलंस ना?

वहिनी : असं म्हणाली?

वन्सं : असं म्हणाली.

वहिनी : तिला हे कुणी सांगितलं?

वन्सं : मी.

वहिनी : किती वेळा?

वन्सं : लहानपणापासून. दर थंडीत. आता हस. हस तू.

वहिनी : हसतेय कुठे मी? गुडघा दुखतोय म्हणून चेहरा असा झालाय. किती झाले करून?

वन्सं : तीन. पहिला सपाट. दुसऱ्यात मी जरा खांबाचे टाके वाढवून बघितले, तर गळ्याभोवती नुसती लाट आल्यासारखी झाली, पाकळ्यांचा पत्ता नाही. तिसऱ्यात अजून वाढवले. घालून आरशासमोर उभी राहिले, तर मागून तिचे बाबा विचारतात, खिडकीची झालर तू अंगात का घातलीस?

वहिनी : अगंबाई!

वन्सं : आणि आज रविवार. गुरुवारी ती जाणार. परत कधी येईल ते तिलाच माहीत नाही. नुसता एक स्वेटर मागितलाय पोरीनं, आणि मी, जी चौदा बायकांना क्रोशे शिकवते, ती तो करू शकत नाही! तुझा दाखव मला. तुझा पिवळा आहे ना अजून? पाच मिनिटं हातात दे. मी टाके वाचते आणि जाते.

वहिनी : धुवायला टाकलाय हो.

वन्सं : ओला दाखव.

वहिनी : बाहेर टाकलाय धुवायला. लोकरीचं घरी नीट होत नाही.

वन्सं : तू? तू लोकर बाहेर टाकतेस धुवायला? नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नाहीस ती?

बाळ्या : मला बोलावलं का कुणी? बरं झालं ताई आलीस, हिचं लक्ष नाहीये तोवर विचारून घेतो. अगं, तुझी क्रोशाची सुई दे जरा. बारकी. मिक्सरच्या पोटात एक स्क्रू पडलाय, तो आकड्यानं बरोबर वर येईल.

वहिनी : सुईला हात लावलात तर याद राखा. मागच्या वेळी माझ्या सुईनं मोरीची जाळी साफ केली होतीत.

बाळ्या : साफ झाली की नाही पण? ताई, चहा झाला का तुझा? नाही ना? हिला उठवत नाही म्हणजे नाही आज. मी म्हटलं, बाई, ताई आलीय, ऊठ, तर म्हणते, तुम्हीच दार उघडा, मला गुडघा आहे. गुडघा सगळ्यांनाच असतो.

वन्सं : हिचा दुखतोय म्हणे.

बाळ्या : कसला दुखतोय? सकाळी स्टुलावर चढून पंखा पुसला तिनं. मी खाली उभा राहून स्टूल धरलं होतं. आणि अगं, त्या स्वेटरवर का बसलीयस तू? तुझा तो पिवळा. खुर्चीच्या पाठीवर होता की मघाशी. चुरगळून चपटा होईल ना तो.

वन्सं : ऊठ.

वहिनी : वन्सं, खरंच कळ—

वन्सं : ऊठ म्हणते ना!

(वहिनी सावकाश उठते. खालून निघालेल्या पिवळ्या स्वेटरची एक बाही वन्सं धरतात, दुसरी वहिनी सोडत नाही.)

बाळ्या : मी काही चुकीचं बोललो का?

वहिनी : तुम्ही मिक्सरकडे जा.

वन्सं : तू इथंच थांब बाळ्या. बघ तुझी बायको. अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलतेय. बुडाखाली पुरावा दाबून!

वहिनी : अर्धाच तास ना? तुमचं बावीस वर्षं चाललंय.

बाळ्या : काय चाललंय बावीस वर्षं?

वहिनी : तुमच्या ताईलाच विचारा. वन्सं, बाही सोडते मी. अगदी उजेडात धरून बघा, हवं तर उलटा करून बघा. पण आधी तुमच्या तोंडानं सांगा. काय केलं होतंत त्या कागदात?

वन्सं : काही नाही.

वहिनी : मग मीही नाही सोडत. लोकर जुनी आहे, ओढाल तर उसवेल.

वन्सं : लहान मुलीसारखं काय करतेस?

वहिनी : तुम्ही मोठ्या होतात तेव्हा. मोठ्या माणसासारखं केलंत का?

वन्सं : एक आकडा.

वहिनी : मोठ्यानं. ह्यांना ऐकू कमी येतं.

बाळ्या : मला व्यवस्थित येतं.

वन्सं : एक आकडा बदलला होता! झालं समाधान? अमुक इतक्या खांबांनंतर एक वाढवायचा असं होतं, मी तिथं दुसराच आकडा लिहिला. पण कितव्या ओळीत लिहिला आणि कुठला लिहिला, हे मला आता काही केल्या आठवत नाही, इथंच तर घोडं अडलंय! खरं ते वहीत आहे. खोटं तेवढं तुझ्याकडे राहिलं.

बाळ्या : म्हणजे ताई, तू मुद्दाम चुकीचा पॅटर्न दिलास हिला?

वन्सं : तू गप्प बैस.

बाळ्या : गप्प काय? हिनं पाच वेळा उसवला होता तो! मी समोर दोन्ही हात पसरून बसायचो आणि ही माझ्या हाताभोवती लोकर गुंडाळायची. पाच संध्याकाळी! माझे खांदे आखडले. आणि ही गुंडाळता गुंडाळता रडायची. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी तर शेवटी माफीसुद्धा मागून टाकली, कशाबद्दल ते न विचारता.

वन्सं : रडली?

वहिनी : मग काय करणार? नवीन घर, नवीन माणसं. भाजी झाली तर मीठ कमी, कपडे वाळत घातले तर चिमटे उलटे. म्हटलं, एक स्वेटर तरी नीट करून सासूबाईंपुढे ठेवावा. तर गळ्याभोवती हा झालरींचा ढीग! परत करावं तर परत तेच. वाटलं, आपण मठ्ठच आहोत. ह्या घरात साधी लोकरसुद्धा माझं ऐकत नाही. फार वाईट वाटायचं हो वन्सं. तुम्ही तर येऊन विचारायचात, कुठवर आला? आणि मी म्हणायचे, होतोय.

वन्सं : मला वाटलं, दोनदा उसवशील आणि सोडून देशील. एवढंच मनात होतं. तू रडशील असं नव्हतं.

वहिनी : पण का?

वन्सं : काय का?

वहिनी : का केलंत? मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

वन्सं : काही नाही मारलंस. तेच तर. तू आलीस आणि आठ दिवसांत आई सुरू झाली. सुनेचं अक्षर बघ कसं मोत्यासारखं. सून पोळ्या कशा पातळ लाटते. मी माहेरी यायची ती तासभर तुझं कौतुक ऐकायला. आणि मला आयुष्यात धड येत होती ती एकच गोष्ट, ही सुई. शाळेत मी नापास, स्वयंपाकात मी नापास, पण क्रोशाला बसले की आई शेजारणींना हाक मारून दाखवायची. आणि एके दिवशी तूच म्हणालीस, वन्सं, मलाही शिकवा ना तो स्वेटर. आई समोर बसलेली. नाही कशी म्हणू? लिहायला बसले आणि लिहिता लिहिता हात आपोआप वळला.

बाळ्या : आपोआप!

वन्सं : बरं, मुद्दाम. मत्सर वाटला मला. आता ऐकलंत ना दोघांनी? लाज वाटते मला त्याची, अजून वाटते. आता सोड बाही.

वहिनी : सोडली. घ्या.

वन्सं : पण तुला कळलं कधी?

वहिनी : सहाव्यांदा सुरू केला तेव्हा. म्हटलं, आता डोळे मिटून करायचं नाही. काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या आणि जमिनीवर मांडत बसले, एक काडी म्हणजे एक खांब. दर ओळीला बरोबर सोळा वाढत होते. सहाव्या ओळीअखेर एकशे बारा. सातवीत व्हायला हवेत एकशे अठ्ठावीस. आणि तुमच्या कागदाप्रमाणे होत होते एकशे अडुसष्ट!

बाळ्या : त्या काड्या मी शोधत होतो दोन दिवस.

वहिनी : मग तो आकडा उजेडात धरून बघितला. सहाचा आकडा पुसून वर एक लिहिल्याचा वळ दिसत होता. दर एका खांबानंतर वाढवा! अहो, दर एका खांबानंतर वाढवलं तर स्वेटर होईल की कोबी?

वन्सं : एक! एकच होता तर! अगं, मग माझा तिसरा बरोबर होता. त्यात मी सातवीत दर एकानंतरच वाढवले होते. मग त्याची झालर का झाली?

वहिनी : कारण कागदात तेवढंच आहे.

वन्सं : म्हणजे?

वहिनी : म्हणजे झालर तुमची. पाकळ्या माझ्या.

बाळ्या : आता मला कुणी नीट सांगेल का?

वहिनी : सांगते. आकडा सापडला तेव्हा सातवी ओळ परत उसवून नीट करता आली असती. पण मला आला होता राग. म्हटलं, वन्संनी दिलाय ना असा? असाच करणार. त्यांच्या नाकावर टिच्चून असाच करणार, आणि सुंदर करणार. मग आठव्या ओळीत मी त्या झालरीला आवळत गेले. पाच खांब सुटे सोडायचे, पुढचे दोन मिळून एक मुका खांब. परत पाच सुटे, दोन मिळून एक मुका. पाच पाच खांब वर फुगले आणि मधे मधे चिमटी बसली. चोवीस पाकळ्या.

बाळ्या : मुका खांब म्हणजे?

वहिनी : बुटका. साध्या खांबाच्या निम्मासुद्धा नसतो. उभा राहत नाही, जागच्या जागी आवळून धरतो.

बाळ्या : म्हणजे घरात मी.

वहिनी : तुम्ही कुठले मुके!

वन्सं : थांब, थांब. मला मोजू दे. पाच सुटे... दोन मिळून मुका... हो गं. एकशे अडुसष्टात साताचे चोवीस गट. प्रत्येकातला एक कमी. म्हणजे उरले एकशे चव्वेचाळीस.

वहिनी : आणि तुमच्या वहीत आठव्या ओळीअखेर किती?

वन्सं : एकशे चव्वेचाळीस! म्हणजे नवव्या ओळीपासून—

वहिनी : सगळं तुमचंच. शेवटपर्यंत, जसंच्या तसं. एक टाका इकडचा तिकडे केला नाही.

वन्सं : हे तुला तेव्हा सुचलं? लग्नाला सहा महिने झालेले, आणि हातात पहिलाच स्वेटर?

वहिनी : राग आला की मला गणित चांगलं येतं.

वन्सं : मला नसतं सुचलं. तिसरा करून तीन दिवस घेऊन बसलेय, मला नाहीच सुचलं. अगं, काय देखणं बसलंय हे! आणि मी बावीस वर्षं ह्याच्याकडे नीट बघितलं नाही कधी. कुणाच्या अंगात दिसला की मान फिरवायची.

वहिनी : माहितीय मला. म्हणून तर कुणाकुणाला करून दिले. तुमच्या जाऊबाईंना मुद्दाम लाल केला, लांबून दिसावा म्हणून.

वन्सं : मुद्दाम?

वहिनी : मग! आणि सासूबाईंपुढे पहिला ठेवला तेव्हा काय म्हणाले मी, आठवतं?

वन्सं : विसरेन कशी? "ताईंनी लिहून दिला, अगदी त्यांच्याच पॅटर्नवरनं केलाय, ओळ न् ओळ!" आणि आईनं माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, माझ्या लेकीचं डोकं बघा, पाकळ्या काढल्यान! मी काय बोलणार? नाही म्हणावं तर चोरी उघडी पडते. हो म्हणावं तर खोटं. हो म्हणाले.

वहिनी : आणि तेव्हापासून जो तो तुम्हाला विचारतो, ताई, तो पाकळ्यांचा कसा करायचा?

वन्सं : चौदाच्या चौदा बायका विचारतात! मी सांगते, तो वरच्या वर्गात. चार वर्षं झाली, वरचा वर्ग काही मी काढलेला नाही. तू हे सगळं ठरवून केलंस?

वहिनी : थोडं ठरवून. बाकीचं आपोआप.

बाळ्या : मी इतकी वर्षं दोन सभ्य बायकांमध्ये राहतोय असं समजत होतो.

वन्सं : तू मिक्सरकडे जा रे. वहिनी, ऐक. तुझा राग अजून असेल तर असू दे, मी काही बोलणार नाही. पण पोरगी गुरुवारी चाललीय. तिथं तिचं ओळखीचं एक माणूस नाही. रात्री-बेरात्री थंडी वाजली तर अंगावर घ्यायला तिला तेवढं एक पाहिजे, आणि ते मी केलेलं पाहिजे. मला करून दे असं म्हणत नाही मी. मला शिकव.

वहिनी : परत म्हणा.

वन्सं : लाडात येऊ नकोस. शिकव मला.

वहिनी : अहो, दाराला कडी घाला. क्लासच्या बायका आल्या तर ताईंची शाळा बंद पडेल. बसा वन्सं. पिशवीत काय काय आहे? अगंबाई, पिवळीच आणलीत. आणि हा तिसरा का? हीच ती झालर?

वन्सं : तीच. हसायचं असेल तर एकदाच हसून घे.

बाळ्या : मला बघू. ताई, हा टेबलाला चांगला दिसेल.

वन्सं : बाळ्या!

वहिनी : नका लक्ष देऊ. आता हिशोबाला या. चार दिवस, त्यातला गुरुवार धरायचा नाही. गळा, पाकळ्या, पाठ, पोट, दोन बाह्या. तुमच्या एकटीच्या हातून होत नाही.

वन्सं : जेवणखाण बाजूला ठेवून बसेन.

वहिनी : तरी होत नाही. बाह्या मी करते. गळ्यापासून खालपर्यंत सगळं तुमचं, पाकळ्या तुमच्या हातच्याच. बाह्या वेगळ्या करून शेवटी काखेत जोडून टाकू. तिला काय कळतंय? सांगू नका. सांगायचं, आईनं केला.

वन्सं : सांगणार मी.

वहिनी : काय?

वन्सं : बाह्या मामीच्या. आणि पाकळ्यासुद्धा मामीनं काढलेल्या, आईनं तिला नव्हत्या शिकवल्या. सांगणार. बास झालं आता.

वहिनी : कधी सांगणार?

वन्सं : विमान उडालं की. फोन लागत नाही तेव्हा निरोप टाकून ठेवते. उतरल्यावर वाचेल.

बाळ्या : आणि कोबीचं? तेही सांगणार?

वन्सं : ते तू सांगशीलच. तुझ्या पोटात काय राहतंय?

वहिनी : वन्सं, पण एक पंचाईत आहे. बघा, तुमचा हा तिसरा आणि माझा हा, शेजारी शेजारी ठेवा. लोकर तीच, सुई त्याच नंबरची. तुमचे टाके बघा कसे आवळून बसलेत, माझे सैल. तुमचे वीस खांब चार बोटं भरतात, माझे साडेचार. तुमच्या अंगाला माझी बाही लावली तर पोरगी हाताला उशा बांधल्यासारखी दिसेल.

वन्सं : दिसेल खरी.

वहिनी : मी असं करते, एक नंबर खालची सुई घेते. बोटं दुखतात त्या बारक्या सुईनं, पण दोन बाह्यांपुरतं चालवून घेईन. जमेल तुमच्याशी.

वन्सं : नको.

वहिनी : मग कसं जमणार?

वन्सं : तू तुझीच सुई धर. मी हे गळ्यापासून उसवते, आणि ह्या खेपेला मीच हात सैल सोडते.